ग्रीक स्मृतिशिला आणि त्यांचे भग्न तुकडे

प्राचीन अथेन्स शहराच्या वायव्येकडील वेशींतून बाहेर पडणाऱ्या वाटसरूस प्रथम दिसत तीं रस्त्याच्या दोहों बाजूंस ओळीनें उभीं असलेलीं थडगीं. या भागास केरामाइकोस म्हणत. केरामाइकोस म्हणजे कुंभारवाडा. एरिदानोस नांवाचा लहानसा ओढा तेथून वाहत असे. त्याच्या कांठीं कुंभारांची वस्ती होती, आणि त्याच कांठावर शेंकडों वर्षें अथेन्सचे लोक आपल्या मृतांस मूठमाती देत आले होते. तटाच्या आंत प्रेत पुरूं नये असा दंडक असल्यामुळें ग्रीसमधील बहुतेक शहरांचीं स्मशानें अशीं वेशीबाहेर असत. परंतु तीं एकान्त पाहून दूर नेलेलीं नसत. जेथून व्यापारी, शेतकरी, यात्रेकरू व शिपाई यांची रोज ये-जा असे, अशा हमरस्त्याच्या लगतच तीं मुद्दाम रचलेलीं असत. याचें कारण थडग्यांवरील लेखांत सांपडतें. हे लेख आप्तेष्टांकरितां तर असतच. पण ते ज्याला उद्देशून लिहिलेले असत तो बहुधा अनोळखी वाटसरू होय.

थडग्यावरील खुणेस ग्रीक भाषेंत ‘सेमा’ म्हणजे चिन्ह, किंवा ‘म्नेमा’ म्हणजे स्मारक, असे शब्द आहेत. उभ्या शिळेस ‘स्तेले’ म्हणतात. इ. स. पू. आठव्या शतकांत कांहीं श्रीमंत थडग्यांवर हें चिन्ह म्हणून चित्रांनीं भरलेला, जवळजवळ पुरुषभर उंचीचा मातीचा कुंभ उभा करीत. पुढें सहाव्या शतकांत संगमरवराच्या उंच शिळा आल्या, आणि तरुणांच्या व कुमारिकांच्या पूर्णाकृति मूर्तीहि आल्या. लेख मात्र बहुधा लहानच राहिला. इ. स. पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीसनें राज्यव्यवस्थेंत सुधारणा केल्यानंतर अथेन्सच्या नागरिकाची ओळख तीन गोष्टींनीं होऊं लागली : त्याचें नांव, त्याच्या वडिलांचें नांव, आणि त्याचा ‘देमोस’ म्हणजे मूळ गांव किंवा पेठ. आपलें नांव, वडिलांचें नांव व गांवावरून पडलेलें आडनांव सांगणाऱ्या मराठी माणसाला ही रीति परकी वाटूं नये. पुष्कळ शिळांवर या तीन शब्दांपलीकडे कांहींच नसतें.

जेथें घरच्यांची ऐपत अधिक, तेथें नांवाच्या जोडीस दोनचार पद्यपंक्ति कोरलेल्या असत. अशा पंक्तींत पुष्कळदां शिळा स्वतःच बोलते. आपण कोणाची खूण आहों, आपल्याला कोणी उभें केलें, हें ती सांगते, आणि वाटसरूला क्षणभर थांबावयास विनविते. येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. त्या काळीं लिहितांना दोन शब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नव्हती. अक्षरें एकास एक लागून येत. वाचणारासहि बहुधा मोठ्यानें वाचण्याची संवय होती. शिळेपुढें थांबून अक्षरें लावूं लागलेल्या मनुष्याच्या तोंडून मृताचें नांव आपोआप उच्चारलें जाई. दगडाला वाचा नाहीं. ती त्यानें वाटसरूकडून उसनी घ्यावी आणि ज्याचा मृताशीं कांहींएक संबंध नाहीं अशा मनुष्यानेंहि त्याचें नांव घ्यावें, अशी ही योजना होती.

या योजनेचें सर्वांत हृदयंगम उदाहरण म्हणजे फ्रासिक्लेया नांवाच्या कुमारिकेचें स्मारक होय. अथेन्सच्या आग्नेयेस मेरेन्दा म्हणून एक ठिकाण आहे. प्राचीन काळीं त्यास मिर्रिनूस म्हणत. तेथील एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या बांधकामांत संगमरवराची एक बैठक बसविलेली होती, आणि तिच्यावरील लेखाची नक्कल फूरमाँ या फ्रेंच प्रवाशानें अठराव्या शतकांतच करून घेतली होती. ही फ्रासिक्लेयेची खूण असून, विवाहाच्या ऐवजीं देवांनीं तिला ‘कुमारी’ हेंच नांव दिलें आहे व तेंच तिला सर्वकाळ राहील, असा त्या लेखाचा आशय आहे. बैठकीच्या दुसऱ्या बाजूस पारोस बेटाच्या आरिस्टिऑन या शिल्पकाराचें नांव आहे. नांव होतें, कर्त्याची ओळख होती, परंतु मूर्ति नव्हती. १९७२ सालीं त्याच मंदिरापासून थोड्या अंतरावर उत्खनन चाललें असतां एका खड्ड्यांत दोन मूर्ति एकमेकींजवळ निजविलेल्या आढळल्या. एक तरुणाची होती, व दुसरी हातांत कमळाची कळी धरलेल्या मुलीची होती. मुलीच्या वस्त्रावरील रंगाच्या खुणा अद्याप शिल्लक होत्या. मूर्ति बैठकींत पक्की बसावी म्हणून पायाशीं शिसें ओतीत असत. या मूर्तीबरोबर मिळालेलें शिशाचें कडें त्या जुन्या बैठकीच्या खांचेशीं जुळलें. इ. स. पू. ५४० च्या सुमारास घडविलेली ती मुलगी आणि तिचें नांव यांची अशा रीतीनें पुन्हां गांठ पडली. आज दोन्ही अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयांत एकत्र उभीं आहेत.

अशी गांठ पडणें हा अपवाद होय. बहुतेक शिळा भग्न स्थितींतच हातीं येतात, आणि त्या कशा भग्न झाल्या हा इतिहासहि मनोरंजक आहे. इ. स. पू. ४८० सालीं इराणी सैन्यानें अथेन्स जाळून उद्ध्वस्त केलें. पुढच्याच वर्षीं थेमिस्टोक्लीसच्या सल्ल्यावरून नागरिकांनीं घाईघाईनें नवा तट उभारला. त्या घाईंत थडग्यांवरील शिळा व घडीव दगडहि तटांत घालण्यांत आले, असें थ्युसिडिडीस या इतिहासकारानें आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागांत लिहून ठेविलें आहे. हें विधान अक्षरशः खरें असल्याचें कुदळीनें सिद्ध केलें. १९२२ सालीं याच तटांतून मूर्तींच्या कोरीव बैठकी निघाल्या. त्यांपैकीं एकीवर कुस्ती खेळणारे तरुण असून, कुत्रें व मांजर एकमेकांवर सोडून गंमत पाहणारे तरुणहि तिच्यावर आहेत. २००२ सालीं जर्मन संशोधकांनीं केरामाइकोसच्या पवित्र वेशीजवळ खणलें, तेव्हां रस्त्याच्या भरावांत तरुणाची एक अत्यंत जुनी मूर्ति, तसेंच संगमरवरी सिंह व एक स्फिंक्स हे सांपडले. बापानें मुलाकरितां उभारलेला दगड एका पिढीनें असा तटाच्या पायांत घातला हें ऐकून वाईट वाटतें. परंतु त्या तटानेंच ते दगड राखले हेंहि तितकेंच खरें. जे शिळेचे भाग उघड्यावर राहिले, त्यांपैकीं कित्येक पुढील शतकांत चुन्याच्या भट्ट्यांत गेले. कारण संगमरवर भाजला कीं त्याचा उत्तम चुना होतो.

जे तुकडे वांचले ते तरी एका जागीं कोठें राहिले? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयांत इ. स. पू. ५३० च्या सुमाराची एक शिळा आहे. ती बैठकीसह सुमारें १४ फूट उंच असून तिच्या माथ्यावर स्फिंक्स बसलेला आहे. शिळेवर एक तरुण आणि त्याच्याजवळ एक लहान मुलगी कोरलेली आहे; तीं भाऊबहीण असावींत असें मानतात. त्यांतील मुलीचें मस्तक मात्र बर्लिन येथें असून, तरुणाच्या हाताचा एक तुकडा अथेन्स येथें आहे. न्यूयॉर्कला त्या जागीं प्लास्टरचे ठसे बसवून शिळा पुरी केलेली आहे. बैठकीवरील लेखांत वडिलांनीं व आईनें हें स्मारक उभारल्याचें सांगितलें आहे. मृत मुलाच्या नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें तेवढीं स्पष्ट राहिलीं असून पुढचा दगड फुटला आहे. ‘मेगाक्लीस’ असें तें नांव असावें हा पंडितांचा तर्क आहे. पण तो तर्कच होय.

एवढ्याशा तुकड्यावरून पंडित तर्क तरी कसा करितात, हें सांगितलें पाहिजे. पहिलें साधन म्हणजे अक्षरांचें वळण. अथेन्सनें इ. स. पू. ४०३ सालीं आयोनियन वर्णमाला सरकारी लेखनासाठीं स्वीकारली. त्यापूर्वीं ऱ्हस्व व दीर्घ ‘ए’करितां तेथें एकच अक्षर होतें, आणि ‘ओ’चीहि तीच स्थिति होती, नंतर दीर्घ स्वरांस निराळीं अक्षरें मिळालीं. खाजगी शिळांवर नवीं अक्षरें थोडीं आधींहि दिसूं लागतात. तरी तुकड्यावर एक दीर्घ ‘ओ’ असला किंवा नसला, तर काळाचा अंदाज बांधतां येतो. दुसरें साधन अक्षरांची मांडणी. पांचव्या व चौथ्या शतकांतील पुष्कळ लेखांत प्रत्येक अक्षर वरच्या ओळींतील अक्षराच्या बरोबर खालीं येतें. गणिताच्या वहींतील चौकटींत एकेक आंकडा लिहावा तसें तें दिसतें. त्यामुळें ओळीची लांबी एकदां निश्चित झाली कीं फुटलेल्या भागांत नेमकीं किती अक्षरें गेलीं हें मोजतां येतें. तिसरें साधन कागदाचा ठसा. भिजविलेला जाड कागद शिळेवर पसरून कुंच्यानें ठोकतात; तो वाळला म्हणजे प्रत्येक ओरखडा त्यावर उमटतो. असे ठसे एका टेबलावर आणतां येत असल्यामुळें, मूळ दगड दोन देशांत असले तरी ते एकाच शिळेचे आहेत कीं काय हें ताडून पाहतां येतें. शेवटचें साधन स्वतः संगमरवर. पारोसचा दगड शुभ्र व किंचित् पारदर्शक असतो. हिमेट्टस डोंगराचा निळसर राखी असतो. पेन्टेलिकॉनच्या दगडांत लोहाचा अंश असल्यामुळें कालांतरानें त्यावर सोनेरी झांक चढते. केवळ डोळ्यांनीं निर्णय होत नसेल, तर दगडाच्या कणांतील कार्बन व ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांचें प्रमाण मोजून तो कोणत्या खाणींतला असावा हें प्रयोगशाळेंत पाहतात.

इ. स. पू. पांचव्या शतकाच्या आरंभापासून बराच काळ अथेन्समध्यें कोरीव स्मृतिशिळा जवळजवळ बंद पडल्या होत्या. एकेक थडगें दहा माणसांनीं तीन दिवसांत पुरें करण्याजोगें असावें, त्याहून मोठें नसावें, असा एक जुना कायदा रोमन ग्रंथकार सिसेरो यानें नमूद केला आहे. हा खंड त्या कायद्यामुळें पडला असावा असें कित्येक मानतात. पार्थेनॉन मंदिराचें शिल्पकाम इ. स. पू. ४३२ मध्यें संपलें, आणि त्यानंतर लवकरच अथेन्समध्यें कोरीव शिळा पुन्हां दिसूं लागतात. या नव्या शिळांवर शोकाचा आक्रोश नाहीं. हेगेसो नांवाच्या स्त्रीची शिळा १८७० सालीं केरामाइकोसमध्यें सांपडली. हेगेसो खुर्चीवर बसली आहे, पुढें दासी पेटी घेऊन उभी आहे, आणि हेगेसो त्या पेटींतून काढलेला दागिना न्याहाळते आहे. तो दागिना केवळ रंगानें काढलेला होता. रंग उडाला, आणि आतां तिच्या बोटांत कांहींच दिसत नाहीं. वर एवढेंच लिहिलें आहे कीं ही प्रोक्सेनोसची हेगेसो. घरंदाज स्त्रीचें नांव चारचौघांत घेऊं नये असा ज्या समाजाचा शिष्टाचार होता, त्यानेंच तें नांव मृत्यूनंतर हमरस्त्यावर कोरून ठेवलें.

त्याच स्मशानांत १९३२ सालीं आम्फारेते या वृद्ध स्त्रीची शिळा मिळाली. तिच्या मांडीवर एक तान्हें मूल आहे. शिल्प पाहणारा तिला आई समजेल; लेख वाचला म्हणजे ती आजी असल्याचें कळतें. दोघेंहि जिवंत असतांना जें नातवंड ती मांडीवर घेई, तेंच आतां दोघेंहि मृत असतां तिनें घेतलें आहे, असें ती स्वतः सांगते. लेख फुटून गेला असता तर हा अर्थ कोणासहि कळला नसता. ब्रिटिश म्युझियममध्यें मेलित्ता नांवाच्या दाईची शिळा आहे. तिनें वाढविलेल्या हिप्पोस्त्राते या मुलीचें नांव दाईच्या लेखांत आहे, आणि दाई गेल्याची रुखरुख त्यांत बोलून दाखविली आहे. अथेन्समध्येंच फिनिशियांतून आलेल्या एका परदेशीयाची शिळा १८६१ सालीं सांपडली. तिच्यावर ग्रीक व फिनिशियन अशा दोन्ही भाषांत लेख आहेत. अश्कलोनच्या या मनुष्याचें ग्रीक नांव अँटिपात्रोस असें असून सिदोनच्या एका मनुष्यानें ही शिळा उभारली. शिल्पांत मृतावर सिंह धांवून आलेला आहे व जहाजाच्या नाळेचें शिर असलेली एक विचित्र आकृति त्याचें रक्षण करिते आहे. हें चित्र पाहून कोणी आश्चर्य करूं नये, असें लेखच वाटसरूस बजावतो. कारण त्या रस्त्यानें जाणाऱ्या ग्रीकाला तें समजणार नाहीं हें उभारणारास ठाऊक होतें.

क्वचित् शिळा केवळ स्मरण न देतां साक्षहि देते. १८६३ सालीं सांपडलेल्या डेक्सिलेओसच्या शिळेवर एक तरुण घोडेस्वार पडलेल्या शत्रूवर भाला उगारून आहे. भाला व लगाम ब्राँझचे होते. ते नाहींसे झाले, भोंकें तेवढीं राहिलीं. तो थोरिकोसच्या लिसानियासचा मुलगा. कोणत्या अधिकाऱ्याच्या वर्षीं जन्मला, कोणत्या वर्षीं कॉरिंथ येथें पडला, हें लेखांत दिलें आहे. हीं वर्षें म्हणजे इ. स. पू. ४१४-१३ व ३९४-९३. अथेन्सच्या थडग्यांवर जन्माचें वर्ष सहसा कोरीत नसत. येथें तें कां दिलें? इ. स. पू. ४०४ मध्यें अथेन्समध्यें तीस जुलमी पुढाऱ्यांची सत्ता आली होती, आणि घोडेस्वारांचें पथक त्यांच्या बाजूस होतें. लोकसत्ता पुन्हां स्थापन झाल्यावर घोडेस्वारांविषयीं लोकांचें मन कलुषित राहिलें. आपला मुलगा त्या वेळीं केवळ दहा वर्षांचा होता, त्या पापांत त्याचा वांटा नव्हता, हें प्रत्येक वाटसरूनें जाणावें म्हणून घरच्यांनीं वर्ष कोरविलें असावें, असें विद्वानांस वाटतें.

सर्वांनाच स्वतंत्र शिळा मिळाली असें नाहीं. लढाईंत पडलेल्या अथेन्सच्या नागरिकांच्या अस्थि सरकारी खर्चानें केरामाइकोसमध्यें पुरीत व त्यांच्या नांवांची यादी कोरीत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत अशी एक यादी आहे. इ. स. पू. ४६० च्या सुमाराची ही शिळा एरेख्थेइस या एकाच कुळीची आहे. हे लोक सायप्रस, इजिप्त, फिनिशिया, हालिएइस, एजिना व मेगारा येथें एकाच वर्षांत पडले असें तिच्यावर लिहिलें आहे, आणि खालीं पावणेदोनशेंच्या आसपास नांवें आहेत. या यादींत सेनापति व शिपाई एकाच रांगेंत येतात. याच्याहि पलीकडची स्थिति १९९४-९५ मध्यें भुयारी रेल्वेकरितां खणतांना उघडकीस आली. केरामाइकोसजवळ एका खड्ड्यांत सुमारें १५० प्रेतें घाईनें टाकलेलीं आढळलीं. इ. स. पू. ४३० सालच्या महामारीचे हे बळी असावेत असें संशोधकांचें मत आहे. त्यांच्यावर शिळा नव्हती व नांवहि नव्हतें.

या कलेचा शेवट कायद्यानें झाला. इ. स. पू. ३१७ ते ३०७ या काळांत अथेन्सचा कारभार फालेरमच्या डेमेट्रियसकडे होता. श्रीमंतांच्या थडग्यांवरील खर्च अतोनात वाढला होता. म्हणून त्यानें तीन हातांहून उंच नसलेला एक लहान खांब, किंवा साधा कट्टा, किंवा दगडी पात्र, याहून अधिक कांहीं थडग्यावर ठेवूं नये असा निर्बंध घातला. पुढील शतकांतील असे आंखूड खांब विपुल सांपडतात. त्यांवर शिल्प नाहीं व पद्यहि बहुधा नाहीं; नांव, वडिलांचें नांव आणि गांव मात्र आहे. सजावट गेली, परंतु ज्यासाठीं शिळा उभारावयाची तें नांव मात्र कोणी सोडलें नाहीं.

या सर्वांत आजच्या मनुष्याची जबाबदारी कोणती, हें दुसऱ्या एका मूर्तीच्या कथेवरून दिसून येतें. अथेन्सच्या दक्षिणेकडील आनाव्हिसोस येथें चोरट्या खणणारांनीं एका तरुणाची भव्य मूर्ति बाहेर काढली, नेण्याच्या सोईसाठीं तिचे करवतीनें तुकडे केले आणि ती पॅरिसला पोंचविली. ती १९३७ सालीं ग्रीसला परत मिळाली. त्या परिसरांत क्रोइसोस या योद्ध्याचें नांव असलेली एक बैठकहि मागाहून हातीं आली. पुढच्या फळींत लढतांना पडलेल्या या वीरासाठीं वाटसरूनें थांबून शोक करावा, असा तिच्यावरील लेखाचा भाव आहे. ही बैठक त्याच मूर्तीची असावी असें पुष्कळांस वाटतें. पण याविषयीं एकमत नाहीं, आणि होणेंहि कठीण. मूर्ति जमिनींत कशी होती, जवळ काय होतें, हें पाहणारे तोंड उघडणार नव्हते. फ्रासिक्लेयेच्या बाबतींत खड्डा, शिसें व बैठक यांची जागा नोंदलेली असल्यामुळें शंकेस जागा उरली नाहीं. येथें दगड मिळाला, पण साक्ष हरवली.

ग्रीसनें स्वातंत्र्य मिळाल्यावर १८३४ सालींच पुराणवस्तूंच्या रक्षणाचा कायदा केला, त्यामागें हाच विचार होता. अथेन्सच्या शिलालेख-संग्रहालयांत आज १३ हजारांहून अधिक लेख जपलेले आहेत. त्यांत पूर्ण शिळांबरोबर तळहाताएवढे तुकडेहि आहेत. पाहणारास ते क्षुल्लक वाटतात. परंतु तो कोठें व कोणत्या थरांत मिळाला याची नोंद तुकड्याबरोबर असेल, तर त्याचा राहिलेला भाग उद्यां एखाद्या जुन्या भिंतींतून निघाल्यावर दोहोंची गांठ घालतां येते. आणि तसें झालें म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीं एखाद्या आईबापांनीं जी इच्छा धरून दगड उभा केला, कीं येणाऱ्याजाणाऱ्यानें आपल्या मुलाचें नांव घ्यावें, ती कोणा अनोळखी वाचकाच्या तोंडून पुन्हां पुरी होते.